शेवटचं ‘म्हणून’

जुमादिल माझा विद्यार्थी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं सोयीचं तेवढं सांगितलं. नारीनच्या कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवायचे तेव्हा तो पहिल्या बाकावर बसायचा. कान मोठे, कॉलर उसवलेली, अंगाला मेंढ्यांचा वास. पण डोकं असं की अख्ख्या वर्गाला उसनं दिलं असतं तरी त्याच्याकडे उरलं असतं. आज तो आमच्या गावच्या, ताश-बुलाकच्या, पंचांचा प्रमुख आहे, पांढरी उंच टोपी घालतो, आणि रस्त्यात दिसले की मोटार थांबवून दोन्ही हातांनी माझा हात धरतो. मी हात काढून घेते. लोकांना वाटतं म्हातारी खडूस आहे. असेन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

दरवर्षी नव्या वर्गाला मी एकच उदाहरण द्यायचे. कुत्रं भुंकलं नाही. म्हणजे आलेला माणूस ओळखीचा आहे. म्हणून दार उघडायला हरकत नाही. यात मुख्य निष्कर्ष कुठला, सांगा. निम्मा वर्ग दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवायचा, कारण त्यातही ‘म्हणजे’ आहे ना. मग मी म्हणायचे, अरे गाढवांनो, प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा, ‘कशावरून?’ आणि ‘मग काय?’ ओळखीचा आहे, कशावरून? कुत्रं भुंकलं नाही त्यावरून. बरं, ओळखीचा आहे, मग काय? मग दार उघडा. आणि दार उघडा, मग काय? मग काही नाही, गोष्ट संपली. जिथे संपली तो मुख्य निष्कर्ष, आणि मधला तो उपनिष्कर्ष. मुली असायच्या वर्गात, त्यांना चटकन कळावं म्हणून सांगायचे, उपनिष्कर्ष म्हणजे समोवारापाशी बसलेली सून. एका हातानं घेते, दुसऱ्या हातानं देते, तिच्या स्वतःच्या पियाल्यात काही नसतं. मुली हसायच्या आणि त्यांना ते जन्मभर लक्षात राहायचं.

तर हा जुमादिल त्या दिवशी उठून उभा राहिला. म्हणाला, एजे, म्हणजे ताई, थोरल्या बाईला आमच्याकडे अशीच हाक मारतात, ओळखीचा आहे म्हणूनच दार उघडू नये, आमच्या गावात मेंढ्या ओळखीचेच चोरतात. वर्ग खो खो हसला. मी नाही हसले. मी त्याला पाचपैकी पाच दिले आणि फळ्यावर तेच पुन्हा लिहून दाखवलं, की बघा, कुत्रं तेच, ओळखीचा माणूसही तोच, पण यानं तो उपनिष्कर्ष उचलून आपल्या घरी नेला. उपनिष्कर्ष हा बिनमालकाचा घोडा असतो, जो वर बसेल त्याच्या वाटेनं जातो. घरी येऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा, आज एक हिरा सापडला म्हणून.

आता उकेयचं सांगते. उकेय माझ्या शेजारच्या बेइशेनची सून. तिचा नवरा मिर्लान रशियात इमारतींवर काम करायला गेला होता. परांचीवरून पडला. गेला होता चालत्या पायांनी, आला पेटीतून. वर्षभर तिनं काळा रुमाल बांधला, वर्षाचं जेवण घातलं, मग रुमाल उतरवला. उतरवला त्याच आठवड्यात तिनं सासूला सांगितलं की मला राजधानीला, बिश्केकला जायचंय. तिथे तिची बहीण शिवणकामाच्या कारखान्यात होती, हिच्यासाठी एक मशीन अडवून ठेवलं होतं, राहायला खोली होती. आणि बेर्मेत, तिची पोर, सप्टेंबरात शाळेत जायची होती. तिथल्याच शाळेत घालायचं, असं उकेयनं मनाशी ठरवलं होतं.

बेइशेन आणि त्याची बायको सालिमा माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर मला बरं झालं असतं, मनासारखं बोलता आलं असतं. ते म्हणाले, तू तरुण आहेस, तुला अडवत नाही. जा, सुखी राहा, पुढेमागे लग्नही कर. पण बेर्मेत इथे राहील. पहिलं नातवंड आजी-आजोबांचंच असतं, ही आमच्याकडची रीतच आहे. त्यात आता मुलाची तेवढीच एक खूण उरली होती.

ही रीत मला कुणी समजावून सांगायला नको. मीही पहिली नात. जन्मल्यापासून आजीजवळ वाढले, आजीला आई म्हणायचे, आणि आजीची मुलगी ठरले म्हटल्यावर जन्मदात्या बापाची बहीण झाले. मग आई कोण झाली? वहिनी. मी माझ्या आईला जन्मभर वहिनी म्हणत आले. तीही त्या हाकेला ओ द्यायची. ती वारली तेव्हा घराच्या भिंतीकडे तोंड करून बायका शोक गाऊ लागल्या, प्रत्येक नात्याचा शोक वेगळा असतो. मला वहिनीसाठीचा शोक गावा लागला. आईसाठीचा शोक माझ्या धाकट्या बहिणीनं गायला, कारण तिला आईनं वाढवलं होतं. मी तर्कशास्त्राची बाई, वय पन्नाशीच्या पुढे, आणि भिंतीशी उभी राहून मला ओरडावंसं वाटलं की अगं बायांनो, ही माझी आई आहे. नाही ओरडले. म्हणूनच उकेय माझ्या अंगणात येऊन म्हणाली, एजे, बेर्मेतला ठेवून जा म्हणतात, तेव्हा मी तिला हाताला धरून बसवलं.

मी तिला आधी नारीनच्या कोर्टात जायला सांगितलं. कायदा आईच्या बाजूनं आहे, माझे दोन विद्यार्थी तिथे वकील आहेत, फुकट उभे राहतील. तिनं मान हलवली. तिचे वडील सिदिक दरीपलीकडच्या गावात राहतात, भला पण भित्रा माणूस. त्यांनी निरोप पाठवला होता की पंचांना ओलांडून कोर्टात गेलीस तर माझं दार तुला बंद. सासर नाही आणि माहेरही नाही, मग उकेय जाणार कुठे? पंचांपुढेच जायला हवं होतं.

आमच्या पंचांत मी नव्हते. दोनदा घेतलं आणि दोनदा काढलं, माझ्या तोंडापायी. दुसऱ्यांदा का काढलं ते सांगते, कारण ते पुढे लागणार आहे. आमच्याकडे पंचांचा निवाडा कागदावर नंतर उतरतो, कधी कधी उतरतही नाही. निवाडा होतो तो दुआनं. बोलणं संपलं की शेवटी जे बोललं गेलं त्यावर सगळ्यांत थोरला माणूस तळहात पसरतो, दुआ देतो, आमीन म्हणून सगळे तोंडावरून हात फिरवतात. झालं. मग तो विषय पुन्हा काढणं म्हणजे थोरांचं तोंड खोटं पाडणं. पावसानं जमीन हिरवी होते आणि दुआनं माणसं, असं म्हणतात आमच्यात. त्या वेळी पाण्याच्या पाटाची भांडणं चालली होती, दुआ झाली, आणि मी म्हणाले की अहो, मुख्य मुद्दा राहिलाच. दुआ दिली होती त्या कालिक अतांची, म्हणजे कालिक आजोबांची, टोपी रागानं थरथरली. दुसऱ्या दिवसापासून मी घरी.

म्हणजे मला माहीत होतं. मला चांगलं माहीत होतं.

उकेय दुपारी लोकर झोडपायला माझ्या अंगणात यायची. लोकर पसरून दोघी काठ्यांनी झोडपायचो आणि ती बोलायचा सराव करायची. पंचांपुढे काय बोलणार, म्हटलं तर तिनं पार लग्नापासून सुरुवात केली. सात वर्षं घर सांभाळलं, सासूच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा तिला उचलून बसवलं, निजवलं, भरवलं. सासऱ्यांना उलट शब्द बोलले नाही. त्यांचं नावसुद्धा तिनं कधी तोंडावाटे काढलं नव्हतं, सुनेनं काढायचं नसतं. नवऱ्याचं वर्ष पाळलं. असं ती बराच वेळ सांगत राहिली आणि अगदी शेवटी, काठी खाली ठेवून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, म्हणून बेर्मेतला माझ्याबरोबर जाऊ द्या.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बाई गं, तू तिथवर पोचेपर्यंत कालिक अतांना डुलकी लागलेली असेल, बाकीच्यांच्या पोटात कावळे ओरडत असतील. मधेच कुणीतरी म्हणेल, बस, कळलं. तुझ्या पोरीचं नाव निघायच्या आधी सभा उठेल. जे हवंय ते पहिल्यांदा सांग. मुख्य निष्कर्ष आधी, कारणं मागून. तिला ‘कशावरून’ आणि ‘मग काय’ शिकवलं. चार दिवसांत ती माझ्या अर्ध्या वर्गापेक्षा पुढे गेली. तिनं मला विचारलं, एजे, माझा काही अपराध नाही हे मुख्य की मधलं? मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, मधलं. कारण अपराध नाही, मग काय? मग मूल तोडू नका. आणि मूल तोडू नका, मग काय? मग काही नाही, एजे, माझं तेवढंच आहे.

मी तिला वाक्यं बांधून दिली. पहिलं, बेर्मेत माझ्याबरोबर जावी. दुसरं, जिचा अपराध नाही त्या आईपासून मूल तोडू नये. मग सासूची सेवा, मग वर्ष पाळलं ते, आणि त्यावरून शेवटी, म्हणून या घराशी माझा काही अपराध नाही. कळस आधी दिसावा आणि पाया मागून दाखवावा, अशी चिरेबंदी मांडणी. कॉलेजात असती तर पाचपैकी पाच. आम्ही दोघी इतक्या खूश होतो की त्या दिवशी लोकरीची धूळ अंगावर तशीच ठेवून चहा प्यायलो.

पंच बसले ते जुन्या वाचनालयाच्या खोलीत. पाच टोप्या ओळीनं. मधे कालिक अता, सगळ्यांत थोरले, नव्वदीकडे झुकलेले आणि ठार बहिरे. त्यांच्या उजव्या बाजूला जुमादिल. भिंतीशी आम्ही बायका. सिदिक दाराजवळ टोपी चुरगळत बसला होता, आपल्या मुलीच्या नावावर आज काय चिखल उडतो या भीतीनं त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बेर्मेत आजोबांच्या मांडीवर होती. बेइशेननं मुलाचं नाव घेतलं आणि त्याला पुढे बोलवेना. जुमादिलनं त्याला पाणी दिलं आणि उकेयला म्हणाला, बोल बाळ, घाबरू नकोस.

उकेय उठली. नजर खाली, दोन्ही हात पोटाशी. आवाज बारीक पण कापला नाही.

“बेर्मेत माझ्याबरोबर जावी, एवढंच माझं मागणं आहे. जिचा अपराध नाही त्या आईपासून मूल तोडू नये.” मग ती सासूबद्दल बोलली, ते ऐकताना सालिमाच रडायला लागली. मग वर्षाबद्दल. आणि मग, मी शिकवलं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता, “म्हणून या घराशी माझा काही अपराध नाही.”

आणि ती खाली बसली. तिचं बोलून झालं होतं.

मी जुमादिलकडे पाहत होते. त्यानं क्षणभर डोळे बारीक केले, पहिल्या बाकावर करायचा तसे. मग माझ्याकडे पाहिलं. आणि मला एकदम कळलं. कॉलेजात शेवटी घंटा होते. इथे शेवटी दुआ होते.

तो बेइशेनकडे वळला आणि मऊ आवाजात विचारलं की सून काय म्हणाली ते ऐकलंत, तिचा काही अपराध आहे का. बेइशेन म्हणाला, नाही, अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. मग जुमादिल सिदिककडे वळला. म्हणाला, तुमच्या मुलीच्या नावाला डाग नाही, आज सासरनं आणि गावानं ते तोंडानं कबूल केलं. सिदिकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बिचारा, तो एवढंच ऐकायला आला होता. पोरीचं काय होणार हे विचारायचं त्याला भानच राहिलं नाही. मग जुमादिलनं कालिक अतांच्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं:

“अता, सुनेचा अपराध नाही! सून म्हणते, घरही म्हणतं! अशा सुनेचं घर मोडू नये, नात आजोबांपासून तुटू नये! दुआ द्या!”

अतांनी तळहात पसरले.

मला वाटतं, मी ‘थांबा’ म्हणाले. कुणाला ऐकू गेलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही. अतांचा आवाज अजून खणखणीत आहे. चूल विझू नये, म्हणाले, सुनेची पायरी शुभ असो, नात आजोबांच्या मांडीवर मोठी होवो. खोलीतले सगळे हात वर आले. मी माझे मांडीत घट्ट धरून ठेवले. बाजूची बाई माझी बाही ओढत होती. मी उकेयकडे पाहिलं, उकेयनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. चार दिवसांत शिकलेली पोर, तिला नाही कळणार तर कुणाला? तिनं मला डोळ्यांनीच विचारलं की काय करू. पण नव्वदीचा थोरला माणूस तळहात पसरून बसलाय, बाप रडत हात पसरून बसलाय, सासू-सासऱ्यांचे हात वर आहेत. अशा वेळी आमच्याकडची सून हात खाली ठेवू शकते का? ते हात तिच्या मनाला विचारून वर जातच नाहीत. तिचे हात वर आले. आमीन झालं. तिनं तोंडावरून हात फिरवले आणि ते खाली आले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, मुख्य मुद्दा राहिला. जुमादिल आदरानं उठला आणि हळूच म्हणाला, “एजे, दुआ झाली.”

बाहेर चिनारांच्या सावलीत मी त्याला गाठलं. लोक उकेयभोवती जमले होते, जिंकलीस म्हणत होते, सालिमा तिच्या कपाळाचे मुके घेत होती. मी जुमादिलला विचारलं, “तुला कळलं नाही ती काय मागत होती?”

“पहिल्या वाक्यातच कळलं, एजे. इतकं स्वच्छ मांडलं होतं. तुमचाच हात ओळखला मी.”

“मग?”

“मग मी जे तुम्ही शिकवलंत तेच केलं. तिनं जे सिद्ध केलं ते सगळं मान्य केलं. एक शब्दही नाकारला नाही.” मग हळूच म्हणाला, “मेंढ्या ओळखीचेच चोरतात. आठवतं?”

मी म्हटलं, तुला दिलेले पाचही गुण परत घेते. तो हसला नाही. त्याची मुलगी मॉस्कोत असते, दोन नातू आहेत. फोनवर नातू त्याच्याशी रशियनमध्ये बोलतात आणि फोन ठेवताना आईला विचारतात की हे आजोबा नक्की कुठले. हे त्यानं मला सांगितलं आणि म्हणाला, एक तरी मूल या गावात राहू द्या, एजे. शाळेत पहिलीला किती पोरं उरलीत, बघा एकदा. मला त्याला झोडपायचं होतं, लोकर झोडपतात तसं. पण त्यालाही रडू येत होतं. आणि रडणाऱ्या माणसाशी वाद घालायला मी कुठेच शिकले नाही.

दुसऱ्या दिवशी उकेय आली तेव्हा मी तयारीत होते. म्हटलं, ऊठ, नारीनला जाऊ, कोर्टात. दुआ गेली खड्ड्यात. मी तुझ्याबरोबर येते, माझं काय व्हायचं ते होवो. अशी मी बरीच बडबडले. तिनं ऐकून घेतलं. लोकरीची काठी भिंतीशी टेकवलेली होती, ती उचलून तिनं जागेवर नीट ठेवली. मग खाली बसली.

“एजे, काल सगळ्यांनी कबूल केलं की मी चांगली आहे. कशावरून? मी थोरांचं ऐकते त्यावरून. आता दुआ मोडून गेले तर मी वाईट. मग काय? मग अपराध नसलेल्या आईपासून मूल तोडू नये, हे माझंच वाक्य माझ्यावर येतं. अपराध असलेल्या आईला मूल कोण देतं? मी चांगली राहायचं तर तिला सोडावं लागतं आणि तिला धरायचं तर वाईट व्हावं लागतं, आणि वाईट झाले की ती हातची जातेच. मी रात्रभर उलटंसुलटं करून पाहिलं. कुठे चुकतंय?”

मी शोधलं. खरंच शोधलं, तिथेच तिच्याशेजारी बसून. म्हटलं, कोर्ट गावाला विचारत नाही कोण चांगलं आणि कोण वाईट. ती म्हणाली, कोर्ट निकाल देईल, पण बेर्मेतला आजोबांच्या मांडीवरून उचलून कोण आणेल, एजे? माझे वडील? त्यांनी हात फिरवलाय. मी? मीही फिरवलाय. माझ्या एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात इतका बिनचूक विचार मी एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकला नव्हता. चूक कुठेच नव्हती. मी तिला चहा दिला आणि तिनं तो न पिता थंड होऊ दिला.

बिश्केकचं मशीन बहिणीनं दुसऱ्या कुणाला तरी दिलं. उकेय गेली नाही. मुलीला ठेवून एकटी जाणं तिच्यानं झालं नाही, आणि मुलीजवळ राहायचं तर त्या घरात राहणं एवढीच वाट होती.

शुक्रवारी बेइशेननं मेंढी कापली, सुनेच्या मानासाठी. सगळा गाव आला. मला आवर्जून बोलावलं होतं, आणि न जाणं म्हणजे उकेयच्या मानाला न जाणं झालं असतं, म्हणून गेले. बायकांत थोरली मीच, म्हणून माझ्यापुढे शेपटीकडचा मानाचा तुकडा आला. मी सुरी लावली आणि सगळाच्या सगळा वाटून टाकला. मेंढीचं डोकं कालिक अतांपुढे गेलं. अतांनी रीतीप्रमाणे कान कापून बेर्मेतला दिला, म्हणाले, थोरांचं ऐकणारी हो. सगळे हसले. बेर्मेतच्या वेणीत नवी लाल फीत होती आणि ती आजोबांच्या मांडीवर बसून कान कुरतडत होती. जुमादिलही होता. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता, किंवा मीच देत नसेन.

उकेय दाराजवळ समोवारापाशी बसली होती. पियाले येत होते, ती भरून देत होती, पुन्हा येत होते.

बेर्मेत तिथूनच ओरडली, “आई, आजीला चहा!” सालिमानं तिला जवळ ओढलं आणि प्रेमानं, अगदी प्रेमानं सांगितलं की आता तू माझी ना, मग आई मी. आणि ती बघ, ती तुझी वहिनी. असं म्हणायचं आता. पोरीला गंमत वाटली. तिनं दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग आजीचा रिकामा पियाला घेतला, दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे, आणि पाहुण्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत समोवारापर्यंत गेली.

“वहिनी, आई म्हणते, अजून चहा.”

बायका कौतुकानं हसल्या. किती लवकर शिकली, म्हणाल्या. उकेयनं पियाला घेतला. थोडा चहा ओतला, त्यावर दूध, मानाच्या माणसाला देतात तसा अर्धाच. तिचा हात हलला नाही, एक थेंब बाहेर पडला नाही. तिनं पियाला मुलीच्या हातात दिला आणि फीत सरळ केली.

“घे हं. हळू जा, सांडशील.”

माझी वहिनीही अगदी असंच म्हणायची.